बटाटे चढवायच्या वेळचा निळा

दुकानात येणारा प्रत्येक नवखा माणूस पहिला प्रश्न एकच विचारायचा: रंग किती पातळ करायचा? आणि आमचा मालक फिनबार प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचा: "दुधाइतका."

एअरब्रशने छोटी मॉडेल्स रंगवणाऱ्यांचं हे ठरलेलं उत्तर आहे. मीही पहिल्या दिवशी ते ऐकलं आणि मान डोलावली. पुण्यात वाढलेल्या माणसाला दूध म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. मी रंगात थिनर घातला, ढवळला, दुधाइतका झाल्यावर थांबलो आणि एअरब्रशच्या वाटीत ओतला. पहिले दोन फवारे बरे गेले. मग ब्रश खाकरल्यासारखा आवाज करून अडला आणि समोरच्या वीतभर विमानाच्या पंखावर देवी आल्यासारखे ठिपके उठले.

फिनबारने वाटीत काडी बुडवून वर उचलली. "हे दूध?"

"दूधच."

"कुठल्या गाईचं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. "गाईचं नाही," मी म्हणालो. "म्हशीचं."

फिनबारने म्हैस फक्त चित्रात पाहिली होती. तिच्या दुधाला बोटभर साय येते हे मी त्याला सांगितलं, तेव्हा तो काउंटरला धरून हसला. पुढची सगळी वर्षं तो गिऱ्हाइकांना बजावत राहिला, "दुधाइतका पातळ करा. पण माधवच्या देशातलं दूध नव्हे हं!"

आयर्लंडच्या वायव्येला स्लायगो नावाचं गाव आहे. २००८ साली माझ्या बायकोला, मीराला, तिथल्या मोठ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञाची नोकरी लागली आणि मी तिच्यामागून तिथे गेलो. पुण्यात मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. पुस्तकांच्या बाहेर मला येणारी एकच गोष्ट म्हणजे प्लास्टिकची विमानं जोडणं. काम करायचा परवाना हातात आला तेव्हा त्या गावात माझ्या लायकीचं एकच दुकान निघालं. मागच्या गल्लीत, चिंचोळं, आत शिरल्यावर थिनरचा आणि ओल्या लोकरीचा वास. फिनबारने मला रंगांच्या काउंटरमागे उभं केलं. २०१३ मध्ये गुडघ्यांनी दगा दिला म्हणून त्याने दुकान बंद केलं, तोवर मी तिथेच उभा होतो. नंतर आम्ही डब्लिनजवळ सिटीवेस्टला राहायला आलो आणि मी पुन्हा पुस्तकांकडे वळलो. असं काउंटर पुन्हा मिळालं नाही, याची थोडी हळहळ आहे.

मीरा गेल्याला या दिवाळीत दोन वर्षं होतील. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मागच्या वर्षीही लिहायला सांगितलं होतं, पण हात चालला नाही. यंदा चालतो आहे. एक मात्र आधीच सांगतो. तिकडे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, त्यामुळे सत्तरी ओलांडलेल्या माणसांनाही मी इथे एकेरीत लिहिणार आहे. ते रागावणार नाहीत.

कामाबद्दल थोडं सांगायला हवं. एअरब्रश म्हणजे पेनाएवढी धातूची नळी. आत एक सुई असते, वर रंगाची इवलीशी वाटी आणि मागून कॉम्प्रेसरची हवा. बोटाने कळ दाबून मागे ओढली की रंगाची वाफ होऊन बाहेर येते. रंग जाड असेल तर सुईच्या टोकाशी अडकतो. फार पातळ असेल तर पृष्ठभागावर टेकताच त्याला कोळ्यासारखे पाय फुटतात आणि तो चारही दिशांना पळतो. म्हणजे सगळी कला वाटीत ओतण्यापूर्वीच संपते. काडीने रंग कपाच्या आतल्या भिंतीवर चढवायचा आणि खाली येताना पाहायचा. मागे पातळसर पडदा सोडून तो सावकाश उतरला तर जमलं. म्हशीच्या प्रकरणानंतर मी दूध सोडलं आणि मनातल्या मनात ताकावर आलो. घरचं, लोणी काढून घेतलेलं ताक. ते कधी चुकलं नाही.

रंगांचीही घराणी असतात. पाण्यावर चालणारं ॲक्रिलिक, उग्र वासाचं एनॅमल आणि त्याहून उग्र, चटकन वाळणारं लॅकर. प्रत्येकाचा थिनर वेगळा. पुण्यात हार्डवेअरच्या दुकानात 'थिनर द्या' म्हटलं की एकच डबा मिळायचा आणि तो दारापासून सायकलीपर्यंत सगळ्याला चालायचा. इथे एनॅमलवर लॅकर मारलं, तर खालच्या थराला तापल्या दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात आणि महिन्याची मेहनत मातीत जाते.

मीराला हे सगळं फार लवकर कळलं, कारण तिचंही काम पातळ करण्याचंच होतं.

"माझं औषध जास्त पातळ झालं, तर पेशंट ऑपरेशनच्या मध्येच उठून बसेल," ती म्हणाली. "तुझं झालं तर काय होईल?"

"विमान ओघळेल."

"मग तुझी नोकरी बरी आहे."

मी घरी आलो की ती दारातच माझ्या कोटाचा वास घ्यायची आणि निदान करायची. "आज एनॅमल." किंवा, "लॅकर! मास्क लावला होतास का?" लावलेला असायचाच. तो तिनेच आणून दिला होता आणि फिनबारलाही दिला होता. तो लावून फिनबार काउंटरवर उभा राहिला की म्हाताऱ्या बायका दुकानात शिरताना छातीवर क्रॉसची खूण करायच्या.

ती मंदीची वर्षं होती. गावाबाहेर अर्धवट बांधलेली घरं तशीच पडली होती आणि ती बांधणारी माणसं आमच्याकडे येऊन रणगाड्यांची खोकी न्याहाळत बसायची. हातांना काम हवं होतं. गिलावा करणारा एकजण तर रंग इतका घट्ट कालवायचा की मी म्हणालो, "हे विमान आहे, भिंत नाही." दुसऱ्या एकाने छोटी बस रंगवताना ॲक्रिलिकचा थिनर संपला म्हणून मामाने पाडलेली हातभट्टीची दारू वापरली. गंमत म्हणजे रंग सुरेख बसला, कारण ॲक्रिलिकला स्पिरिट चालतंच. फक्त ती छोटी बस त्याच्या बायकोने घरात ठेवू दिली नाही. "शेल्फवरून वास येतो," ती म्हणाली, "आणि हा दर तासाला शेल्फपाशी जातो!"

डोनल आला तो माझ्या तिथल्या तिसऱ्या हिवाळ्यात. सत्तरीचा, उंच, जन्मभर मासेमारी केलेला. जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून त्याने हातभर लांब लाकडी बोट आणली होती. ती त्याने स्वतः कोरली होती. फळीफळीची सांध दिसत होती, सुकाणूच्या केबिनला खिडक्या होत्या. पण म्हातारपणाने त्याचे हात कापायला लागले होते आणि ब्रश धरवत नव्हता.

"हिला रंग पाहिजे," तो म्हणाला. "तिचाच रंग."

ही 'कॅथलीन', त्याच्या बापाची बोट. सरकारने जुन्या बोटी मोडीत काढायची योजना आणली होती, तेव्हा खरी 'कॅथलीन'ही गेली. मोडताना निघालेला रंगाचा एक पापुद्रा डोनलने तंबाखूच्या डबीत जपून ठेवला होता. गर्द निळा.

आमच्याकडे रंगाचा नमुना प्लास्टिकच्या पांढऱ्या चमच्यांवर दाखवायची पद्धत होती. चमच्याची पाठ फुगीर असते, त्यावर रंग कसा वळतो ते कळतं. त्यामुळे दुकानात चहा ढवळायला कधी चमचा मिळत नसे. मी त्या पापुद्र्याशी जुळवत निळ्यात थोडा काळा, किंचित हिरवा घातला आणि चमचा फवारला. डोनलने तो पापुद्र्याशेजारी धरला. "तोच!"

मग मी बोटीवर अस्तर मारलं, ते वाळू दिलं आणि तो निळा पातळ थरांत चढवला. काम उत्तम झालं होतं. डोनल आला, त्याने बोट हातात घेतली आणि उलटसुलट करून पाहिली.

"शवपेटी दिसते," शेवटी म्हणाला.

मी पापुद्रा बोटीवर टेकवून दाखवला. कुठे संपतो ते दिसेना.

"रंग तोच आहे," डोनल म्हणाला. "बोट ती नाही."

यात त्याची चूक नव्हती आणि माझीही नव्हती. खऱ्या वस्तूचा रंग जसाच्या तसा लहान प्रतिकृतीवर चढवला की तो जास्त गडद, जड वाटतो. कारण मॉडेल आपण हातभरावरून बघतो, पण डोळ्यांना ते लांब उभ्या असलेल्या खऱ्या वस्तूएवढं दिसतं. आणि लांबची वस्तू आपण नेहमी मधल्या हवेतून पाहतो. हवा प्रत्येक रंगात थोडं पांढरं मिसळते. पुण्याहून सिंहगड करडा-निळा दिसतो, पायथ्याशी गेलं की मातकट हिरवा. दुरून डोंगर साजरे म्हणतो आपण, पण त्यांचा रंगही बदललेला असतो हे विसरतो. म्हणून मॉडेल रंगवणारा खऱ्या रंगात पांढऱ्याचे थेंब घालतो. किती, हे मात्र ती वस्तू किती लांबून पाहिलेली आठवते त्यावर ठरतं.

हे सगळं सांगून मी विचारलं, "लांबून ती कशी दिसायची, डोनल?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "मला काय माहीत? मी जन्मभर तिच्यावर उभा होतो."

"मग माहीत कोणाला?"

डोनलने फिनबारकडे पाहिलं. फिनबार एकाएकी डबे सरळ करायला लागला. डोनलने टोपी घातली. "राहू दे तशीच," म्हणाला आणि गेला.

फिनबारने मग सांगितलं. डोनलची बहीण ब्रीजी. दोघंही एकटी, दोघांची घरं किनाऱ्यावर, मध्ये फक्त एक शेत. ब्रीजीच्या स्वयंपाकघराची खिडकी समुद्रावर उघडते. बोट मोडीत गेली त्या दिवसापासून ती भावाशी एक शब्द बोललेली नाही. "ही छोटी बोट तो तिच्यासाठीच करतोय," फिनबार म्हणाला. "तिने घेतली तर घेतली. नाही घेतली, तर पुन्हा तिच्या दारात जायला त्याच्याकडे दुसरं काही नाही."

घरी मी मीराला हे सांगितलं. "आपल्याकडे निदान भाऊबीज तरी असते," ती म्हणाली. "वर्षभर भांडलं तरी त्या दिवशी जावं लागतं. यांच्याकडे काय आहे?" मग जेवता जेवता स्वतःच म्हणाली, "तू चमचे कर ना."

मी चमचे केले. तोच निळा, प्रत्येक चमच्यात पांढऱ्याचा एकेक थेंब वाढवत, अगदी धुरकट होईपर्यंत. डोनल पुन्हा आला तेव्हा ते त्याच्यासमोर ठेवले.

"हे दाखव."

"कोणाला?"

"जिला माहीत असेल तिला."

त्याने ते कोटाच्या आतल्या खिशात घातले आणि निरोप न घेता गेला.

त्यानंतर पावसाळी असा एक आठवडा गेला. एका सकाळी ठेंगणी, ताठ बाई दुकानात आली. डोक्याला रुमाल, हातात पर्स. तिने पर्स काउंटरवर उघडली आणि आतून माझे चमचे बाहेर काढले.

"चमचेवाला कोण?"

फिनबारने माझ्याकडे बोट दाखवलं आणि मागच्या खोलीत पसार झाला.

"माझा भाऊ इतकी वर्षं बोलत नाही," ती म्हणाली, "आणि आता माझ्या फाटकाच्या खांबावर, दगडाखाली, प्लास्टिकचे चमचे ठेवून जातो. मला वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. मग पलटून पाहिले. हा काय प्रकार आहे?"

मी बोट पुढे आणली. ती तिला हात लावेना. मी जमेल तसं समजावलं: हातभर बोट, लांबचा रंग, मधली हवा. "डोनल म्हणतो, लांबून ती कशी दिसायची हे त्याला माहीत नाही."

"त्याला कसं माहीत असणार?" ब्रीजी म्हणाली. "वाट पाहायला तो कधी किनाऱ्यावर होता?"

ती चमचे घेऊन दारापाशी गेली. बाहेरचा राखाडी उजेड त्यांच्यावर पडला. एकेक उचलून तिने हात लांब करून पाहिला. एक बाजूला काढला. "ही अशी असली, की खाडीच्या तोंडाशी पोचलेली असायची. मी बटाटे चढवायचे." दुसरा, जास्त गडद, उचलला. "अशी झाली की बटाटे शिजलेले असायचे आणि तो धक्क्यावर दोर टाकत असायचा. घड्याळ लागलं नाही मला कधी. आधी वडिलांसाठी, मग त्याच्यासाठी."

चमचे घेऊन ती काउंटरपाशी परत आली. मग पुढे बोलली.

"त्या दिवशीही चढवायची वेळ झाली. रंग दिसेना. म्हटलं धुकं असेल, येईल. चढवले. पाणी आटलं, भांडं जळलं. तो रात्री गाडीने आला. बोट मोडायला देऊन आला होता. म्हणाला, तुला बघवलं नसतं, म्हणून सांगितलं नाही." तिने चमचे पुन्हा ओळीने मांडले. "मला काय बघवतं ते मी ठरवेन. निदान जाताना तरी बघितली असती."

नंतर बाजूला काढलेला चमचा तिने माझ्यासमोर सरकवला. "हा. पण याहून जरा ओलसर."

ओलसर म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. तिच्यासमोरच कप घेतला, त्या मिश्रणात राखाडीचा एक थेंब घातला, ढवळला, कपाच्या भिंतीवर चढवून दाखवला. "अजून," ती म्हणाली. दुसरा घातला. "थांब."

तो निळा मी बोटीवर चढवला, गडद थर पूर्ण झाकून, पातळ पातळ, प्रत्येक थर वाळू देत. पाण्याखालचा भाग विटकरी तांबडा. कठड्याला पांढरी रेघ. मी ते काम जितकं सावकाश केलं, तितकं सावकाश दुसरं काही केलेलं आठवत नाही. डोनल ती न्यायला आला तेव्हा त्याने फक्त विचारलं, "हा तिने सांगितला?" मी हो म्हणालो. "मग तू पण ये," तो म्हणाला. "एकट्याने मला फाटक उघडवणार नाही. डॉक्टरीणबाईंनाही आण. तिने काही फेकून मारलं तर लागतील."

मीराला त्या दिवशी सुट्टी होती. तिचा मरून रंगाचा कोट घालून ती आली. डोनलने टाय बांधला होता. बोट छातीशी धरून तो शेत ओलांडून बहिणीच्या दारापाशी गेला आणि उभा राहिला. आम्ही मागे. ब्रीजी दारात आली. बोटीकडे पाहिलं, भावाकडे नाही.

"इतक्या जवळून काय दाखवतोस?" ती म्हणाली. "मागे जा."

डोनल दोन पावलं मागे सरकला.

"अजून."

तो शेतात उतरला. बोट पुढे धरून, उलटा चालत. चार मेंढ्या माना वर करून त्याच्याकडे बघायला लागल्या.

"अजून! मागे बघून चाल, म्हाताऱ्या, पडशील!"

"मागे बघू की बोट धरू?" डोनल तिकडून ओरडला.

"दोन्ही कर! बापाला दोन्ही यायचं!"

मीराने माझा हात दाबला. "बोलली रे," ती हळूच म्हणाली. मग तिला राहवेना आणि तीही डोनलला हातवारे करून मराठीत ओरडायला लागली, "अजून मागे, अजून!" आणि डोनल मागे जात राहिला. ते त्याला बरोबर कळत होतं. शेवटी तो शेताच्या टोकाच्या दगडी कुंपणाला टेकला. त्याच्या मागे समुद्र होता. त्याच्या हातातली बोट आता बोटभर दिसत होती.

"तिथे," ब्रीजी म्हणाली. या वेळी ओरडून नाही.

ती पाहत राहिली. आम्ही दोघं तिच्या मागे उभे होतो, तिचा चेहरा आम्हाला दिसला नाही. मग तिने रुमालाची गाठ सोडली, म्हणाली, "बटाटे चढवते," आणि आत गेली. आतून भांड्यात पाणी सोडल्याचा आवाज आला.

डोनल तिथेच उभा होता, हात पुढे करून. परत ये म्हणून त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

"जा, बोलावून आण त्याला," मीरा म्हणाली. "हात भरून आले असतील. मी आत मदत करते."

मी शेत ओलांडून गेलो. डोनलला म्हणालो, "चल, बटाटे चढलेत." त्याने मान हलवली, पण लगेच निघाला नाही. म्हणून मीही त्याच्याशेजारी कुंपणाला टेकलो आणि मागे वळून घराकडे पाहिलं. मीरा अजून दारातच होती, आम्ही येतो का बघत, कपाळावर हात धरून. तिथून तिचा कोट मरून दिसत नव्हता. त्यात पुष्कळ पांढरा होता आणि राखाडीचे दोन थेंब. तो रंग मला आजही मिसळता येईल.